दहाव्या दिवसाचं काय?

'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण ज्याने कोणी पहिल्यांदा वापरली तो माणूस नक्कीच हॉस्टेलमध्ये राहिलेला असणार! सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या विंगमध्ये कुठल्याही रूममध्ये डोकवा. भिंतीवर टाइमटेबल चिकटवलेलं दिसेल. पहाटे साडेपाचला उठणे, जॉगिंग, दोन तास एम-थ्री, रात्री दहाला दिवे बंद. दहाव्या दिवशी टाइमटेबल भिंतीवर तसंच असतं, फक्त त्याच्या खिळ्यावर कोणाचा तरी ओला टॉवेल वाळत असतो.

आपण जात्याच आरंभशूर. अभ्यासापुरतं असेल तोवर ठीक आहे, फार तर एखादी केटी लागते. पण हाच आरंभशूरपणा धंद्यात शिरला की घरात येणारा पैसाच थांबतो. आणि सध्या तो एका खास दारातून शिरतोय, म्हणून हा लेखप्रपंच.

मित्रमैत्रिणींनो, मी बोलतोय ते एकट्याच्या जिवावर धंदा करणाऱ्यांबद्दल. लांब कशाला, आपल्या हॉस्टेलमध्येच बघा. एक जण थ्रीडी प्रिंटरवर प्रोजेक्टचे पार्ट काढून देतो, एक जण लॅपटॉप दुरुस्त करतो, लेडीज हॉस्टेलमध्ये एक जण लग्नसराईत मेंदीच्या ऑर्डरी घेते. पास आऊट झाल्यावर कोणी ट्यूशन काढतं, कोणी आंब्याच्या पेट्या विकतं, कोणी घरून केक करून देतं. या धंद्यात मालक तोच, कामगार तोच, हिशेबनीस तोच आणि डिलिव्हरी बॉयही तोच. गेल्या काही वर्षांत त्याच्या डोक्यावर आणखी एक खातं येऊन बसलंय. रील बनवा, स्टेटस टाका, व्हिडिओ करा, फोटो काढा, लिहा. या सगळ्याला मिळून एक भारदस्त नाव आहे, कंटेंट!

आणि या कंटेंटबद्दल जो उठतो तो एकच सल्ला देतो: रोज टाका. मध्यंतरी एका व्याख्यानात वक्त्याने हेच सांगितलं. रोज पोस्ट केलं नाही तर लोक तुम्हाला विसरतील म्हणे! टाळ्या कडकडल्या, मागच्या बाकावरून शिट्ट्याही आल्या. माझा या सल्ल्याला स्पष्ट विरोध आहे. एकट्या माणसाने रोजचा नेम धरला की त्याचा कंटेंट तर बंद पडतोच, पण जाता जाता धंद्यालाही धक्का देऊन जातो. एकट्याने नेम असा धरावा, जो त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यातही मोडणार नाही.

उगाच हवेत बोलत नाही, हिशेब मांडतो. माझी एक आत्तेबहीण साताऱ्यात घरून केक करून देते. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताईने मागे रोज एक रील टाकायचं ठरवलं. रील तीस सेकंदांचं. पण काय दाखवायचं ते ठरवायला अर्धा तास, ओटा आवरून शूटिंग करायला एक तास, कापाकापी करून गाणं लावायला एक तास आणि खाली आलेल्या कॉमेंटना उत्तरं द्यायला अर्धा तास. झाले तीन तास. आठवड्याचे एकवीस. एका साध्या केकला आयसिंग धरून अडीच तास लागतात असं धरलं, तर आठवड्याला आठ केकचा वेळ रीलमध्ये जातोय! म्हणजे फुकटची जाहिरात म्हणतात ती फुकट नाहीच. तिचं बिल पैशात येत नाही, झोपेत येतं.

ताईने तीन महिने नेटाने केलं. मग डिसेंबरात लग्नाच्या ऑर्डरी, त्यातच मुलाला ताप. रील बंद झालं ते बंदच. आता खरी गंमत पुढे आहे, खरं तर गंमत नाहीच. ज्या लोकांना रोज तिचं काही ना काही दिसायची सवय झाली होती, त्यांना वाटलं हिने केक करणंच सोडलं. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी वाढदिवसाचा केक दुसरीकडून आणला आणि नंतर भेटल्यावर सांगितलं, की आम्हाला वाटलं तुम्ही बंद केलंत. ती तर ओट्यापाशी उभीच होती! रोजचा नेम नसता तर तो मोडल्याची बातमीही झाली नसती.

मेकॅनिकलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. मशीन डिझाइनमध्ये आपण फटीग शिकतो. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर नावाच्या जर्मन इंजिनिअरने रेल्वेचे ॲक्सल का तुटतात याचा पिच्छा पुरवला. ॲक्सलवरचा भार त्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी असायचा, तरी तो तुटायचा. कारण भार एकदा येत नव्हता, लाखो वेळा येत होता. त्यातूनच पुढे आपल्या जर्नलमधला तो एस-एन कर्व्ह आला. त्यात पोलादाची रेघ साधारण दहा लाख आवर्तनांच्या आसपास आडवी होते. त्या रेघेच्या खाली ताण ठेवला तर कितीही फेरे घ्या, तुकडा तुटत नाही. हीच एन्ड्युरन्स लिमिट. ती पोलादाच्या कमाल ताकदीच्या ढोबळमानाने निम्मी असते. (ॲल्युमिनियमला अशी ठरावीक लिमिट नसते. आपण पोलादाचे की ॲल्युमिनियमचे, हे ज्याचं त्याने ओळखावं!)

एक रील माणसाला तोडत नाही. रोजचं रील तोडतं. आपण 'मला किती जमेल' हे ठरवताना आपली कमाल ताकद बघतो. रविवारची दुपार, पोट भरलेलं, डोक्यात नवी आयडिया, फोनची बॅटरी फुल्ल. त्या दिवशी आठवड्याला सात सहज वाटतात. पण मोजायला पाहिजे तो आठवडा दुसराच. ज्यात लाइट गेलीय, घरी पाहुणे आहेत, दोन ऑर्डरी अडकल्यात आणि अंगात कणकण आहे. त्या आठवड्यात जेवढं होईल तेवढाच तुमचा नेम. एक होईल? मग आठवड्याला एक. तेही होणार नाही? मग पंधरवड्याला एक. चांगल्या आठवड्यात जास्त झालं तर टाकायची घाई करू नका, शिल्लक ठेवा.

शिल्लक कशी ठेवायची हे आपल्या घरातल्या बायकांना कुठल्याही कोर्सशिवाय माहीत आहे. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळत असतात ते मे महिन्यात खायला नव्हे. पावसाळ्यात मंडईतली भाजी महागते, ऊन नसतं, तेव्हा डबा उघडायचा. कंटेंटचंही तसंच. काही गोष्टी ताज्या भाजीसारख्या असतात, आजच्या आज टाकायच्या: आज पेट्या आल्या, उद्या दुकान बंद. काही वाळवणासारख्या असतात: केक रिक्षातून कसा न्यावा, आंबा घरी कसा पिकवावा, लॅपटॉप का तापतो. या गोष्टी आज सांगा नाहीतर चार महिन्यांनी, शिळ्या होत नाहीत. सुगीच्या आठवड्यात एक दुपार काढून अशी चार-पाच वाळवणं घालून ठेवली की आजारपणाचा महिना निभतो. ताईकडे असा डबा भरलेला असता तर तापाच्या आठवड्यात नुसतं झाकण उघडायचं काम होतं.

आता प्रश्न असा, की सांगायचं तरी काय? एकट्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. 'आज काय टाकू' म्हणत फोन हातात घ्यायचा आणि दुसऱ्यांची रील बघत तासभर घालवायचा. (यात धंदा नसलेलेही तरबेज आहेत, त्यांच्याबद्दल रेक्टर सरांनी स्वतंत्र लेख लिहावा!)

याचं उत्तर मला आमच्या गावाकडच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या काकांकडे सापडलं. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की शेतकरी त्यांच्याकडे आणतात. दुकान एकट्याचं. सोमवारी गावचा बाजार, म्हणून रविवारी संध्याकाळी काका व्हॉट्सॲपच्या स्टेटसला एक फोटो टाकतात. त्या आठवड्यात उघडलेल्या मोटारीचा. खाली दोन ओळी, ही का जळाली. संपलं. ना गाणं, ना नाच.

आणि त्या दोन ओळींत काय असतं बघा. तीन फेजपैकी एक फेज गेली तरी चालू मोटार लगेच थांबत नाही. ती उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढत राहते आणि तापत जाते. स्टार जोडणीची मोटार अशी जळाली तर दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात आणि तिसऱ्या फेजच्या जवळजवळ नव्यासारख्या राहतात. ओव्हरलोडने जळाली तर तिन्ही काळ्या. म्हणजे फोटो बघूनच कळतं, मोटारीचा दोष नव्हता, एक फेज गेली होती. काका लिहितात, स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घ्या. आमच्या मशिन्स लॅबच्या ओरलमध्ये हा प्रश्न आला तर अर्धा वर्ग छताकडे बघेल!

मी काकांना म्हटलं, असं सांगून तुम्ही स्वतःचंच गिऱ्हाईक कमी करताय की. त्यांचं म्हणणं असं, की जळायच्या त्या मोटारी जळणारच. फक्त जळाली की शेतकऱ्याला आधी माझी आठवण होते, कारण का जळाली हे मी खरं सांगतो एवढं त्याला पटलेलं असतं. मोटार तर त्यांना उघडायचीच होती. फोटो आणि दोन ओळींना वर दहा मिनिटं लागतात. कंटेंटसाठी वेगळं काम त्यांनी काढलंच नाही. जे काम चालू होतं त्यातलंच थोडं बाहेर ठेवलं. म्हणूनच ते टिकलंय.

याच्या जोडीला एक वही ठेवा. साधी, शंभर पानी. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यात लिहा आणि तोच प्रश्न पुन्हा आला की पुढे खूण करा. तीन खुणा झाल्या की त्या प्रश्नाचं उत्तर ही तुमची पुढची पोस्ट. बिनअंड्याचा केक किती दिवस टिकतो? मेंदी रंगायला किती तास ठेवायची? थ्रीडी प्रिंटचा पार्ट उन्हात वाकेल का? (पीएलए असेल तर साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, तेव्हा बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका.) अशा पोस्टचा दुसरा फायदा म्हणजे चौथ्याने विचारलं की पुन्हा टाइप करायला नको, तीच पोस्ट पाठवायची. म्हणजे आज घातलेला अर्धा तास पुढे कितीदा तरी परत मिळतो.

'पण आठवड्यातून एकदाच टाकलं तर लोक विसरतील त्याचं काय?' हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. मराठी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आपण वर्षातून एकदा येणाऱ्या अंकांची वाट बघत आलो आहोत. 'कालनिर्णय' १९७३ पासून वर्षातून एकदाच भिंतीवर येतं, ते कोण विसरलंय? आणि धंद्याचंच उदाहरण हवं असेल तर किर्लोस्करवाडीचं घ्या. लोखंडी नांगराने जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्या काळात किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विकला. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. ते कारखान्याचं मासिक होतं. मात्र त्यात नुसते नांगर न राहता वाचकाला उपयोगी असं इतरही येत गेलं. ते पुढे 'किर्लोस्कर' झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' त्याच्या जोडीला आलं. कारखान्याची माहिती द्यायला काढलेलं पत्रक महाराष्ट्राच्या घराघरातलं मासिक बनलं, तेही महिन्यातून एकदा येऊन! मान्य, तो एकट्याचा कारभार नव्हता. पण लोक लक्षात ठेवतात ते ठरलेला दिवस आणि हाती लागलेली उपयोगाची गोष्ट. ती किती वेळा आली हे कोणी मोजत बसत नाही.

आणि दिवस चुकलाच तर? चुकलेला सोडून द्यायचा, पुढच्या ठरल्या दिवशी हजर व्हायचं. मागचं भरून काढायला एका रात्रीत चार पोस्ट करायच्या नाहीत. त्याला सबमिशन म्हणतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलेल्या जर्नलची क्वालिटी सगळ्या सरांना ठाऊक आहे! सुट्टी घ्यायची असेल तर सरळ सांगून घ्या. पुण्यातल्या 'दुपारी १ ते ४ बंद' पाटीवर आपण जन्मभर विनोद केले, पण त्या पाटीमुळे गिऱ्हाइकाला चार वाजता यायचं हे पक्कं माहीत असायचं. 'या महिन्यात स्टेटस नाही, ऑर्डरी चालू आहेत' एवढी एक ओळ ताईने टाकली असती तरी ते दोन केक तिच्याकडेच राहिले असते. ॲक्सलला विश्रांती देऊन त्याची तडा भरत नाही. माणूस मात्र विश्रांतीने भरून येतो.

आणखी एक सवय, आणि ती अगदी पहिल्या दिवसापासून. इन्स्टाग्राम, यूट्यूब, फेसबुक ही सगळी भाड्याची जागा आहे. घरमालक कधी कुलूप लावेल सांगता येत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि ज्यांनी रात्री जागून तिथे प्रेक्षक जमवले होते त्यांचं खातं एका फटक्यात गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास ठप्प होते. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून त्याचं नाव, फोन नंबर आणि त्याने काय घेतलं हे आपल्या स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा, आणि आपला नंबर त्याला सेव्ह करायला सांगा. नंबर सेव्ह नसेल तर व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचा मेसेज त्याला पोचतच नाही. सगळी ॲप बुडाली तरी या वहीवरून फोन लावता येतो.

माझ्या म्हणण्याला अपवाद आहेत, ते लपवत नाही. ज्याचा धंदाच व्हिडिओ हा आहे त्याचं गणित वेगळं. यूट्यूबवर नेहमीच्या मोठ्या व्हिडिओंतून जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं लागतं. म्हणजे चार मिनिटांचा व्हिडिओ शेवटपर्यंत साठ हजार वेळा बघितला गेला पाहिजे. त्याला जोर लावावाच लागेल. पण रिवाइंडिंगच्या काकांना साठ हजार लोक काय करायचेत? त्यांना आसपासच्या दहा गावांतले दोन-तीनशे शेतकरी पुरेत. तेव्हा 'किती जणांनी बघितलं' हा आकडा सोडा आणि 'किती जणांनी फोन केला' हा आकडा वहीत लिहा. मेसवाल्या मावशी रोज फळ्यावर मेनू लिहितात, तेही कंटेंटच आणि तेही रोज. पण त्याला एक मिनिट लागतं आणि ते त्यांच्या कामाचाच भाग आहे. असं असेल तर रोज खुशाल करा.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा. आता एआय आहे की, रोज पाच कॅप्शन लिहून देईल! देईल ना. पण मग सगळ्यांच्याच केकचं कॅप्शन सारखं होतं. सगळेच केक 'प्रेमाने बनवलेले' आणि सगळीच चव 'अविस्मरणीय'. व्हिडिओखाली अक्षरं टाकणं, शुद्धलेखन बघणं असली हमाली यंत्राला जरूर द्या. मात्र तुमच्या टेबलावर आज उघडलेल्या मोटारीच्या कुठल्या कॉइल काळ्या पडल्यात हे त्याला माहीत नाही. ते सांगायला तुम्हीच लागता, आणि गिऱ्हाईकही तेवढ्यासाठीच थांबतं.

आपल्यातले काही जण प्लेसमेंट घेतील, काही जण स्वतःचं काहीतरी काढतील. काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की एकट्याच्या धंद्यात सुटं मिळणार नाही असा स्पेअर पार्ट एकच असतो, तो म्हणजे तुम्ही. तो वाचवून धंदा करा. एक वही, एक ठरलेला वार, दहा-वीस मिनिटं आणि डब्यात चार वाळवणं. नऊ दिवस जोरात कोणीही करतं. दहाव्या दिवशीही सहज जमेल एवढंच पहिल्या दिवशी ठरवा.

बघा, पटलं तर घ्या. नाही पटलं तर संध्याकाळी कॅन्टीनला या, कटिंग मारत वाद घालू. पैसे मात्र ज्याचे त्याने द्यायचे!